कॉन्व्हेंट शाळेत बिगरख्रिस्ती मुलांना ख्रिस्ती धर्म शिकवतात का?

सक्तीने नाही शिकवता येत. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवायचं तर पालकांची संमती लागते. म्हणून बऱ्याच कॅथलिक शाळांत त्या तासाला वर्ग फुटतो: कॅथलिक मुलं कॅटेकिझमला (म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाला), बाकीची मूल्यशिक्षणाला. पण संस्कार काही फक्त तासाला होत नाहीत. फळ्यावरचा क्रूस, सकाळची प्रार्थना, डिसेंबरातला येशूजन्माचा गव्हाणीचा देखावा, भांडण झालं की ‘आधी माफ कर’ हा बाईंचा धोशा, हे सगळं मुलाच्या अंगवळणी पडतंच (शाळेला तेच हवं असतं, त्यात लपवाछपवी नाही). प्रार्थनाही नको असेल तर प्रवेश घेतानाच लेखी कळवा. त्याच कलमात उपासनाही येते.