कृत्रिम पाय तीन महिन्यांत सैल झाला आणि टोचतो, नवीन करून घ्यावा का?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: वडील ६२ वर्षांचे, मधुमेहामुळे डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, तीन महिन्यांपूर्वी कृत्रिम पाय बसवला. सुरुवातीला बरे चालत होते. आता पाय सैल लागतो, स्टंपच्या (कापल्यावर उरलेल्या पायाच्या) टोकाला दुखतं आणि घरात चालताना गुडघा मागे ढकलल्यासारखा होतो. सेंटरमध्ये ‘मोजे वाढवा’ एवढंच सांगितलं.

मी प्रोस्थेटिस्ट आहे, म्हणजे कृत्रिम हात-पाय बनवून बसवणारा. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी अख्खा पाय नवीन करायची वेळ आलेली दिसत नाही. पण सैलपणा आणि गुडघा मागे जाणं या बहुधा दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

आधी सैलपणा. ऑपरेशननंतर स्टंपची सूज उतरत जाते आणि पोटरीच्या स्नायूंना काम न उरल्यामुळे तेही बारीक होतात. पहिल्या सहा महिन्यांत ही घट सगळ्यात जास्त असते, पुढे वर्ष-दीड वर्ष हळूहळू चालू राहते. सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वरचा पोकळ भाग, मात्र माप घेतलं त्या दिवशीच्या स्टंपचं असतं. त्यामुळे पहिलं सॉकेट काही महिन्यांचंच धरून चालावं. हे पाय देतानाच घरच्यांना बसवून सांगायला हवं. ते सांगितलं जात नाही, म्हणून कितीतरी चांगले पाय पलंगाखाली पडून राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

टोकाला का दुखतं, तेही समजून घ्या. गुडघ्याखालच्या सॉकेटमध्ये वजन मुख्यतः स्टंपच्या टोकावर घ्यायचं नसतं. ते घ्यायचं गुडघ्याच्या वाटीच्या खाली लागणाऱ्या जाड कंडरेवर, नडगीच्या वरच्या आतल्या रुंद बाजूवर आणि मागच्या मांसल भागावर. म्हणून सॉकेट ज्यावर घडवतात तो स्टंपचा प्लास्टरचा साचा तयार झाला की या जागी तो खरवडून आत घेतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला लागणारा हाडाचा गोळा, नडगीची धार आणि तिचं कापलेलं टोक या नाजूक जागांवर उलट काही मिलिमीटर प्लास्टर चढवतात, म्हणजे सॉकेटमध्ये तिथे मोकळीक राहते. स्टंप बारीक झाला की तो आत खोल उतरतो आणि हा सगळा हिशेब चुकतो. कंडरेसाठी केलेला उंचवटा वाटीच्या हाडाला लागतो, मोकळ्या जागा भलतीकडे जातात आणि टोक तळाला आपटतं.

म्हणजे मोज्यांचा सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. किती आणि कसे, हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. स्टंपचे मोजे १, ३, ५ अशा प्लायच्या जाडीत येतात; प्लाय म्हणजे मोज्याच्या जाडीचं माप. सकाळी नेहमीचे मोजे घालून पाय चढवा, उभं राहून पूर्ण वजन द्या आणि पाच-दहा मिनिटं चाला. पाय आखूड वाटला, वाटीच्या खालच्या कडेला किंवा टोकाला दुखलं, तर एक प्लाय वाढवा. पाय लांब वाटला, स्टंप पूर्ण आत जात नसेल, दाब वाटीच्या बराच खाली, नडगीच्या उंचवट्यावर येत असेल, तर मोजे जास्त झालेत, एक कमी करा. दिवसभरात स्टंप आणखी थोडा आकसतो, म्हणून दुपारी पुन्हा एकदा बघा. बाहेर जाताना एक जास्तीचा मोजा पिशवीत असू द्या. पाच पातळ मोजे एकावर एक चढवण्यापेक्षा एक जाड बरा, कारण सुरकुती पडली की तिथेच फोड येतो. पिनवालं सिलिकॉन लायनर (स्टंपवर थेट चढवायचं मऊ आवरण, त्याची पिन सॉकेटच्या तळाशी लॉक होते) असेल तर मोज्याचा धागा पिनवर येऊ देऊ नका, लॉक अडकतं.

शंका असेल तर एक साधी तपासणी आहे. मुलांच्या खेळायच्या मातीचा, म्हणजे क्लेचा, बोराएवढा गोळा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून सॉकेटच्या तळाशी ठेवा. पाय चढवून, आधाराला धरून नुसतं उभं राहायला सांगा आणि मग पाय काढून बघा. गोळा कागदासारखा चपटा झाला असेल तर टोकावर वजन येतंय. थोडासाच दबला असेल तर बसणी बरोबर. अजिबात दबला नसेल तर स्टंप वर अडकून टोक अधांतरी राहतंय, आणि हे दिसतं त्याहून वाईट आहे. वरून आवळलेलं आणि खाली टेका नाही, अशा टोकाला रक्त-पाणी साचतं, कातडी जांभळट-तपकिरी होते आणि पुढे तिच्यावर चामखिळीसारखे खरखरीत फुगवटे येतात. असं दिसलं तर मोजे वाढवू नका, सेंटरला जा.

वडिलांना मधुमेह आहे, तेव्हा ‘दुखत नाही ना?’ या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नका, बधिर कातडीला जखमही कळत नाही. डोळ्यांनी बघा. पाय काढल्यावर वजन घेणाऱ्या जागा लालसर दिसणारच. दहा-पंधरा मिनिटांत लाली गेली तर ठीक. राहिली, किंवा वर सांगितलेल्या नाजूक जागांवर आली, तर त्या दिवशी पाय पुन्हा घालू नका. टोक बघायला हातआरसा वापरा. कातडी फाटली असेल तर ती भरेपर्यंत पाय बंद, यात तडजोड नाही.

स्टंप रात्री साबणाने धुवा, सकाळी नको, कारण ओलसर कातडी सॉकेटमध्ये सोलवटते. मोजे रोज धुतलेले हवेत. पाय काढून ठेवल्यावर स्टंप सुजू नये म्हणून क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं बांधा, टोकाशी घट्ट आणि वर जाताना सैल. उलटं बांधलं तर टोक फुगतं. झोपताना गुडघ्याखाली उशी मात्र देऊ नका. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग सॉकेट नीट बसवणं अवघड होऊन जातं.

आता गुडघा मागे जातो त्याबद्दल. तुम्ही ‘घरात’ असं लिहिलंय, त्यावरून मला आधी चपलेचा संशय येतो. बाहेर बूट किंवा सँडल घालून हा त्रास होत नाही आणि घरात अनवाणी होतो, असं आहे का ते बघा. साच फूट नावाचा जो रबरी टाचेचा पाय बऱ्याच ठिकाणी देतात, तो ठरावीक उंचीची टाच धरून जुळवलेला असतो. चप्पल काढली की टाच खाली जाते, सॉकेट आणि पाऊल जोडणारी नळी मागे कलते आणि गुडघा मागे ढकलला जातो. जास्त उंच टाचेचा बूट घातला तर उलट, गुडघा पुढे पडतो आणि माणूस कोसळू शकतो. उपाय सोपा आहे: घरासाठी तेवढ्याच टाचेची वेगळी स्वच्छ चप्पल ठेवा, किंवा पाय अनवाणी चालण्यासाठी जुळवून घ्या आणि बाहेर सपाट चप्पल वापरा. ज्यांना घरात, देवळात, शेताच्या बांधावर अनवाणी वावरायचंय, त्यांना मी जयपूर फूट सुचवतो. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो आपल्या लोकांचं अनवाणी चालणं, उकिडवं आणि मांडी घालून बसणं डोळ्यांसमोर ठेवूनच घडवला.

चप्पल बदलूनही गुडघा मागे जात असेल तर पाऊल सॉकेटच्या मानाने फार पुढे आहे किंवा चवडा खाली झुकलाय. हे ॲलन कीने जोडावरचे चार स्क्रू फिरवून दुरुस्त होतं, पण ते घरी करू नका. एक स्क्रू ढिला राहिला तर पाय चालता चालता निखळतो.

मोजे मिळून दहा-बारा प्लायच्या पुढे गेले की समजा सॉकेट संपलं. त्याआधी लायनरच्या बाहेरून फोमचे पॅड चिकटवून काही महिने निघतात, हे आवर्जून मागा. पाय नळी-जोडाचा मॉड्यूलर, म्हणजे सुटे भाग जोडून केलेला, असेल तर फक्त सॉकेट नवीन करायचं, पाऊल आणि जोड तेच राहतात. एकसंध पाइपचा असेल तर बहुतेक सगळाच नवा करावा लागतो. स्टंपचा घेर दर आठवड्याला सकाळी एकाच ठिकाणी टेपने मोजून लिहून ठेवा. आकडे स्थिर व्हायच्या आत महागडं सॉकेट करून घेऊ नका.

दुसऱ्या मतासाठी मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, पुण्यात १९४४ पासूनचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे. भगवान महावीर विकलांग सहायता समिती पाय मोफत बसवते. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अजून काढलं नसेल तर काढा, सरकारी योजनांसाठी ते लागतं. खासगी ठिकाणी गेलात तर माप घेणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक जरूर विचारा.

आणि उजवा पाय. आता त्याच्यावर जास्त भार येतोय आणि तोही मधुमेहाचाच आहे. एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराच्या मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल द्या, अंगठ्यात अडकवायची नको. तळवा आणि बोटांच्या बेचक्या रोज रात्री स्टंपबरोबरच बघा. घट्टा दिसला तर ब्लेडने कापू नका, डॉक्टरांना दाखवा.