खाणकामासाठी शोध चालू असलेल्या खोल समुद्रतळावरचे प्राणी कसे मोजतात? 'तिथे फारसे जीवन नाही' हे खरे आहे का?

अशा एका सर्वेक्षण मोहिमेवर मी नमुने निवडण्याचे काम केले आहे आणि नंतर बराच काळ त्याच नमुन्यांतले कृमी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्यात घालवला आहे. त्यामुळे प्रश्नाच्या पहिल्या भागाबद्दल सविस्तर लिहिते. दुसऱ्या भागाचे उत्तर त्यातूनच निघेल.

सर्वांत जास्त चर्चा ज्याची होते तो क्लॅरियन-क्लिपर्टन पट्टा प्रशांत महासागरात हवाई आणि मेक्सिको यांच्या दरम्यान आहे. तेथे चार ते साडेपाच हजार मीटर खोलीवर बटाट्याएवढे काळे गोळे गाळावर पसरलेले आहेत. त्यांना नोड्यूल म्हणतात. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते, आणि ते दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. हा तळ कोणत्याही देशाच्या हद्दीत येत नाही. त्याचे नियमन जमैकातील किंग्स्टन येथील आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण करते, आणि शोधाचा करार घेणाऱ्या प्रत्येकाने, खाणकाम सुरू होण्याच्या आधीच, तिथल्या पर्यावरणाची आणि प्राण्यांची मूळ स्थिती नोंदवली पाहिजे असे बंधन आहे. सर्वेक्षणे होतात ती या बंधनामुळे. नाहीतर केवळ कुतूहलापोटी इतक्या खोलवर इतक्या वेळा जाण्याचा खर्च कोणी केला असता असे मला वाटत नाही.

मोजणी प्राण्यांच्या आकारानुसार वेगवेगळ्या साधनांनी होते. समुद्रकाकड्या, स्पंज, समुद्रफुले असे छायाचित्रात दिसतील इतके मोठे प्राणी तळालगत फिरणाऱ्या कॅमेऱ्याने किंवा दूरनियंत्रित यानाने मोजतात. गाळात राहणारे, साधारण ०.३ मिलिमीटरच्या चाळणीवर अडकणारे कृमी, छोटे कवचधारी आणि शिंपले यांच्यासाठी बॉक्स कोअरर वापरतात. त्याहून बारीक सूत्रकृमींसाठी नळ्यांचा जुडगा खाली सोडतात.

बॉक्स कोअरर म्हणजे तळातून अर्धा मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद असा गाळाचा चौकोनी ठोकळा कापून आणणारी पेटी. साडेचार हजार मीटर तार सोडायची आणि पुन्हा गुंडाळायची म्हटले की एका फेरीला तीन-चार तास सहज लागतात. आमच्या मोहिमेत एकदा पेटी वर आली तेव्हा झाकण नीट बसलेले नव्हते. वरचे पाणी वाटेतच गळून गेले होते आणि गाळाचा पृष्ठभाग धुतला गेला होता. बाकीचा ठोकळा चांगला दिसत होता, पण बहुतेक प्राणी वरच्या काही सेंटीमीटरांतच राहतात, त्यामुळे तो नमुना मोजणीतून बाद करावा लागला. रात्रपाळीचे चार तास वाया गेले. अशा नमुन्याला मोजणीत घेतले, तर कागदावर समुद्रतळ होता त्यापेक्षा ओसाड दिसतो, हे मला त्या रात्री नीट कळले.

नमुना चांगला असेल तर आधी त्याचे छायाचित्र घेतात, नोड्यूल एकेक करून उचलतात आणि त्यांवर चिकटलेले प्राणी तपासतात. मग गाळाचे थर कापून थंड, गाळलेल्या समुद्राच्या पाण्याने हळूहळू चाळतात. पाणी थंडच हवे, कारण दीड-दोन अंश तापमानात राहणारे हे जीव डेकवरच्या उष्म्यात लवकर खराब होतात. चाळणीत अडकलेला खवल्यांचा कृमी चिमट्याने धरला तर त्याच्या पाठीवरचे खवले एकेक गळून पडतात, आणि नेमक्या त्या खवल्यांवरूनच त्याची ओळख पटवायची असते. म्हणून आम्ही रुंद तोंडाच्या ड्रॉपरने त्याला पाण्यासकट उचलायचो, जिवंत असतानाच छायाचित्र घ्यायचो आणि नंतर डीएनए टिकावा म्हणून अल्कोहोलमध्ये ठेवायचो.

खरे काम मात्र जहाज बंदराला लागल्यावर सुरू होते. एका पेटीतून कित्येकदा शंभर प्राणीही मिळत नाहीत, पण त्यांतल्या बहुतेकांना नावच नसते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार या पट्ट्यात सुमारे ५,५७८ प्रजाती आढळल्या आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ ९० टक्के विज्ञानाला अपरिचित आहेत. त्यामुळे अहवालात नावाऐवजी तात्पुरते सांकेतिक क्रमांक लिहिले जातात. दोन वेगळ्या कंत्राटदारांच्या तज्ज्ञांनी एकाच कृमीला दोन क्रमांक दिलेले असू शकतात, आणि डीएनए किंवा मूळ नमुने शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ते उघडकीस येत नाही. प्रजाती ओळखणारे वर्गीकरणतज्ज्ञ थोडे आहेत, आणि सगळे काम सर्वांत जास्त इथेच अडते. जहाजाचा खर्च मंजूर होतो, पण नंतर वर्षभर सूक्ष्मदर्शकाशी बसणाऱ्याचा पगार अनेकदा कोणाच्या हिशेबात नसतो.

आता 'फारसे जीवन नाही' या विधानाकडे वळते. वजन किंवा संख्या पाहिली तर ते चुकीचे नाही: वरून झिरपणारे अन्न अत्यल्प असल्यामुळे दर चौरस मीटरमागे प्राणी कमीच आहेत. पण प्रकार पाहिले तर चित्र उलटते, कारण त्या थोड्या प्राण्यांत जवळपास प्रत्येक जण वेगळा निघतो. मी हाताळलेल्या संचात कितीतरी प्रजातींचा एकच नमुना होता. एकदाच दिसलेला प्राणी खरोखर दुर्मीळ आहे, की शेजारच्या शंभर किलोमीटरवर विपुल आहे, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही. आणि तो फक्त त्याच करारक्षेत्रात असेल तर नोड्यूल गोळा करणारे यंत्र फिरल्यावर तो उरेल की नाही, हेही सांगता येत नाही.

शिवाय गोळे हेच अनेकांचे घर आहे. २०१७ मध्ये वर्णन झालेला 'प्लेनास्टर क्रेगी' हा छोटा स्पंज नोड्यूलच्या पृष्ठभागावर वाढतो आणि पट्ट्याच्या पूर्व भागात तो मोठ्या संख्येने आढळतो. पेरूजवळच्या खोऱ्यात तर नोड्यूलवर वाढलेल्या मृत स्पंजांच्या देठांवर अंडी उबवणारे ऑक्टोपस दिसले आहेत. गोळा उचलला की ही जागा जाते, आणि ती पुन्हा तयार व्हायला लाखो वर्षे लागतात.

आधीची आणि नंतरची स्थिती यांची तुलनाही झाली आहे. २०२२ मध्ये क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात झालेल्या अशा यंत्राच्या एका चाचणीनंतर त्याच्या मार्गात गाळातल्या प्राण्यांची संख्या सुमारे ३७ टक्क्यांनी आणि प्रजातींची विविधता ३२ टक्क्यांनी घटलेली आढळली. त्या अभ्यासात ४,३५० प्राणी आणि ७८८ प्रजाती मोजल्या होत्या. पेरूजवळ १९८९ मध्ये मुद्दाम नांगरलेले चर २६ वर्षांनंतर कॅमेऱ्यात जसेच्या तसे दिसले. या तुलना शक्य झाल्या त्या आधीची मोजणी हाताशी होती म्हणून, आणि शेजारचा न छेडलेला भागही मोजला होता म्हणून. काळानुसार होणारा नैसर्गिक चढउतार वेगळा काढायचा असेल तर दोन्हींची गरज असते.

एखाद्या कंपनीचा अहवाल वाचायला मिळाला तर प्राण्यांची एकूण संख्या पाहण्याआधी पाहा की किती पेट्या घेतल्या, किती बाद केल्या, कोणत्या आकाराची चाळणी वापरली आणि किती प्रजाती एकदाच दिसल्या. शेवटचा आकडा दिलेलाच नसेल, तर 'फारसे जीवन नाही' हा निष्कर्ष कशावरून काढला असे त्यांना जरूर विचारा.