आजोबांच्या के१०००साठी लेन्स घेण्याआधी

आजोबांचा पेंटॅक्स के१००० हा जुना फिल्म कॅमेरा हाती आलाय, तर आधी त्यावरची ५० मिमी लेन्स नीट तपास. ती कॅमेऱ्यावरून काढ, झाकण काढ, छिद्र (प्रकाश आत सोडणारं भोक, अ‍ॅपर्चर) पूर्ण उघड आणि मागून टॉर्च मारून तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. गोव्याच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. कडेला थोडीशी असेल तर साफ होते. काचेवरचा लेप खाल्ला असेल तर डाग राहतातच. छिद्राच्या पात्यांवर तेल चमकतंय का, तेही बघ.

लेन्स ठीक निघाली तर पहिले काही रोल तिच्यावरच काढ. दुसरी घ्यायचीच तर माझं मत २८ मिमीला, तिच्यात जास्त रुंद दृश्य मावतं. पणजीतल्या फोंताइन्यश या जुन्या वस्तीच्या अरुंद गल्लीत मागे सरकायला जागाच नसते, तिथे ५० अपुरी पडते. शिगम्याच्या मिरवणुकीत लांबून चेहरे टिपायला १३५ मिमी छान. पण हात हलतो, म्हणून शटरचा वेग १/१२५ सेकंदापेक्षा हळू ठेवू नकोस.

या कॅमेऱ्याचा के-माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच, १९७५चा, त्यामुळे जुन्या लेन्स भरपूर मिळतात. मात्र छिद्र लहान-मोठं करायची रिंग नसलेल्या नव्या डिजिटल लेन्स घेऊ नकोस बाबा! त्या बसतात, पण बहुतेकांचं छिद्र सगळ्यात लहानावरच अडकून राहतं. त्याआधीच्या, स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या एम४२ लेन्स अडॅप्टरने चालतात आणि अनंतापर्यंत, म्हणजे अगदी दूरच्या गोष्टींवरही, फोकस होतो.

आणि चामड्याची पेटी आजोबांची आठवण म्हणून जप, पण कॅमेरा त्यात ठेवू नकोस, चामडं ओल धरतं. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेव.