रशियन डिस्चार्ज कार्डावरची श्वासाची लक्षणं इंग्रजीत कशी लिहावीत?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: धाकटा भाऊ रशियात एमबीबीएसला आहे, न्यूमोनियामुळे तिथे ॲडमिट होता. आता ते कागद नाशिकच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवायला इंग्रजीत हवेत. मशीनच्या भाषांतरात ‘चोकिंग’, ‘व्हीझिंग’, ‘हार्ड ब्रीदिंग’, ‘रेस्पिरेटरी फेल्युअर’ असं आल्यामुळे घरचे घाबरले आहेत. मी रशियन वैद्यकीय कागदांची भाषांतरं करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्द कुठल्या मथळ्याखाली आहे ते बघा. ‘झालबी’ म्हणजे रुग्णाने सांगितलेल्या तक्रारी आणि ‘अब्येक्तीव्ना’ म्हणजे डॉक्टरांना तपासणीत आढळलेलं. ‘अदिश्का’ दोन्हीकडे येतो. तक्रारींमध्ये तो म्हणजे आपली धाप, तिथे ‘शॉर्टनेस ऑफ ब्रेथ’ लिहा. तपासणीत ‘अदिश्का मिनिटाला २८ पर्यंत’ असं असेल तर डॉक्टरांनी श्वास मोजले आहेत, म्हणून ‘रेस्पिरेटरी रेट २८’. इंग्रजी वैद्यकात डिस्प्निया, म्हणजे धाप, ही रुग्णाला होणारी जाणीव आहे, तिच्यापुढे असा आकडा लिहीत नाहीत.

‘उदूश्ये’ म्हणजे जीव घुसमटणं. दम्यात किंवा हृदयाच्या आजारात येणाऱ्या जोरदार झटक्याला रशियन डॉक्टर हा शब्द वापरतात, म्हणून ‘अटॅक्स ऑफ सिव्हिअर ब्रेथलेसनेस’. ‘चोकिंग’ वाचलं की डॉक्टरांना घशात घास अडकल्याचं वाटेल. ‘अस्फिक्सिया’ही नको, आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांक-यादीतसुद्धा डिस्प्निया आर०६.० वर आणि अस्फिक्सिया आर०९.० वर आहे.

सगळ्यात जास्त घोळ ‘ख्रिपी’ या शब्दाचा होतो. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणाऱ्या सगळ्या जादा आवाजांना मिळून हे एकच नाव आहे, अर्थ विशेषणावर ठरतो. ‘सुखिये’, म्हणजे कोरडे, असतील तर व्हीझ (शिट्टीसारखा आवाज) किंवा ऱ्हाँकाय (घोरल्यासारखा आवाज). ‘व्लाझ्निये’, म्हणजे ओले, असतील तर क्रॅकल्स (तुटक, चुरचुरणारे आवाज). ओल्यांमध्ये पुन्हा बुडबुड्यांच्या आकारावरून बारीक, मध्यम, मोठे असे प्रकार करतात: ‘मेल्कापुझीर्चतिये’ असेल तर फाइन क्रॅकल्स, ‘क्रूप्नापुझीर्चतिये’ असेल तर कोअर्स. न्यूमोनियात या विशेषणाकडे दुर्लक्ष करून सरसकट ‘व्हीझिंग’ लिहिलं, तर वाचणाऱ्याचं लक्ष फुप्फुसातल्या संसर्गाकडून दम्याकडे वळतं. नकारार्थी वाक्यात तर आणखी जपा. ‘ख्रिपव न्येत’ याचं ‘नो व्हीझ’ केलंत तर क्रॅकल्सही नव्हते ही माहितीच गळून पडते. तिथे ‘नो ॲडेड साउंड्स’ लिहा.

‘क्रेपितात्सिया’ दिसलं तर एक टीप जोडा. रशियन डॉक्टर तो आवाज बारीक ओल्या ख्रिपींपासून वेगळा धरतात: श्वास आत घेण्याच्या अगदी शेवटी येणारा, खोकल्याने न बदलणारा, वायुकोशांमधला. आपल्याकडचे डॉक्टर मात्र ‘क्रेप्स’ म्हणताना सगळेच क्रॅकल्स त्यात धरतात. ‘फाइन एंड-इन्स्पिरेटरी क्रॅकल्स’ असं लिहिलं की गोंधळ होत नाही.

‘झोस्तकये दिखानिये’ हेच तुमचं ‘हार्ड ब्रीदिंग’. इथे दिखानिये म्हणजे श्वास घेण्याची क्रिया नव्हे, छातीवर ऐकू येणारा श्वासाचा आवाज. ‘हार्श ब्रेथ साउंड्स’ लिहा. ‘लेबर्ड ब्रीदिंग’ लिहिलं तर मुलगा श्वासासाठी धडपडत होता असा अर्थ होतो. ‘ब्राँकियल ब्रेथ साउंड्स’ ही तिसरीच गोष्ट, त्यासाठी रशियनमध्येही वेगळा शब्द आहे.

आता ज्याने घरच्यांना धडकी भरली ते ‘रेस्पिरेटरी फेल्युअर’. मूळ शब्द ‘दिखातेल्नया नेदस्तातच्नस्त’, कागदावर बहुधा नुसती दोन आद्याक्षरं आणि पुढे १, २ किंवा ३. ही तीव्रतेची पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे ऑक्सिजन सॅचुरेशन ९० ते ९४ टक्के, दुसरी ७५ ते ८९, तिसरी ७५ च्या खाली. आपल्या डॉक्टरांचे ‘टाइप वन’ आणि ‘टाइप टू’ वेगळे, ते प्रकार आहेत: पहिल्यात फक्त ऑक्सिजन कमी, दुसऱ्यात कार्बन डायऑक्साइडही साठलेला. शिवाय धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या खाली गेल्याशिवाय इंग्रजी व्याख्येत फेल्युअर धरत नाहीत, आणि रशियन पहिली पायरी ६० ते ७९ ची. म्हणून ‘रेस्पिरेटरी इन्सफिशिअन्सी, ग्रेड वन, रशियन क्लासिफिकेशन’ असं पूर्ण लिहा आणि शेजारी कागदावरचं सॅचुरेशन द्या. आईला सांगायचं असेल तर ‘ऑक्सिजन थोडा कमी होता’ एवढंच सांगा, पहिल्या पायरीचा अर्थ तोच आहे.

भाषांतरात प्रत्येक शंकास्पद शब्दापुढे मूळ रशियन शब्द तसाच ठेवा. निदान आपल्या मनाने नेमकं करू नका, जिथे मूळ मोघम आहे तिथे इंग्रजीही मोघमच राहू द्या. सीटीची सीडी असेल तर डॉक्टरांकडे तीही घेऊन जा, कारण ती प्रतिमा ते कुणाच्याही भाषांतराशिवाय वाचू शकतात.