आठवड्याचे बारा ब्लाउज

ती माझ्याकडे सल्ल्याला आली तेव्हा गळ्यात मापाची टेप तशीच होती. मशीनवरून उठून थेट लोकल पकडली होती म्हणे. डोंबिवलीत घरीच ब्लाउज शिवते, एकटी. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) लग्नसराई तोंडावर, झोप चार तास, आणि प्रश्न एकच: "मॅडम, नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटतं. हो म्हटलं तर मी तुटते. काय करू?"

एकट्याने धंदा करणारे बहुतेक जण हेच विचारतात. मी चटकन सांगून टाकलं, मदतीला मुलगी ठेव. चूक माझी. मुलगी आली, आणि पैठणीच्या बाहीवरचे मोर उलटे लागले. ब्लाउजपीस साडीतलाच, दुसरा आणणार कुठून? शिकवायलाही वेळ लागतो, आणि तोच तर तिच्याकडे नव्हता.

मग वहीच काढली. अस्तराच्या एका ब्लाउजला तीन तास. घरचं सगळं सांभाळून मशीनवर रोज सहा तास. म्हणजे दिवसाला दोन, सहा दिवसांत बारा. त्या आठवड्यात तिने घेतले होते 31! आकडा बघून ती हसली, मग डोळे पुसले. "सासूबाई म्हणतात, दारी आलेली लक्ष्मी परत पाठवू नये." खरी गाठ इथे होती. पुढची दोन सत्रं आम्ही शिवणाबद्दल बोललोच नाही.

जीएसटीची धास्ती मात्र पाच मिनिटांत गेली. सेवेच्या कामाला आपल्याकडे साधारणपणे वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. तिचा हिशेब तीन लाखांच्याही आत.

माप आणि कटिंग तिच्याकडेच राहिलं. फॉल-पिको आणि हुक-काजं शेजारच्या इमारतीतल्या काकूंकडे गेली, नगावर. शिलाई 450 ची 600 केली. चार वर्षांत वाढवलीच नव्हती! अर्जंटचे 200 वेगळे. दोन गिऱ्हाइकं रुसून गेली. त्यातलं एक महिन्याभराने परत आलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवड्याला बारा खुणा. तेरावी आली की, "ताई, पुढच्या सोमवारी घेते."

गेल्या खेपेला टेप माझ्याच खुर्चीवर विसरून गेली. मी फोन केला. म्हणाली, "दुसरी आहे माझ्याकडे. शनिवारपर्यंत बारा भरलेत, रविवारी येते."