घरच्या स्ट्रॉबेरीचे फूल मधोमध काळे का पडते?

प्रश्न : आमचे घर महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या बाजूस आहे. परसातील दोन वाफ्यांत आणि काही कुंड्यांत सप्टेंबरअखेर स्ट्रॉबेरी लावली. डिसेंबरात फुले भरपूर आली, परंतु गेल्या आठवड्यात सकाळी पाने पांढरी दिसली आणि त्यानंतर बऱ्याच फुलांचा मधला भाग काळा पडला. हा कोणता रोग आहे आणि कोणते औषध फवारावे?

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून हा रोग नसून हिमकणांमुळे झालेली इजा आहे, त्यामुळे कोणतेही औषध फवारू नये. स्ट्रॉबेरीचे रोप थंडीला घाबरत नाही. किंबहुना लहान दिवस आणि गार रात्री मिळाल्या तरच आपल्याकडील बहुतेक वाणांना कळ्या धरतात. नाजूक असते ते उमललेले फूल. मिटलेली कळी शून्याखाली दोन अंशांपर्यंतचा गारठा बहुधा सोसते, उमललेले फूल मात्र शून्याखाली एक अंशाच्या आसपासच मार खाते. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र राहतात आणि मधला पिवळा उंचवटा, ज्याचे पुढे फळ होते, तेवढाच काळवंडतो. खात्रीसाठी एखादे फूल नखाने मधोमध उभे चिरून पाहावे; आतही काळे असेल तर त्याला फळ धरणार नाही. उंचवट्याचा थोडाच भाग काळा असल्यास फळ धरते, पण त्या बाजूने ते वाढत नाही व वाकडे होते.

हवामानाच्या नोंदीत तापमान तीन-चार अंश असताना फुले कशी गोठली, असा प्रश्न आपणास पडेल. ही नोंद जमिनीपासून साधारण माणसाच्या खांद्याच्या उंचीवर घेतली जाते. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, गार झालेली जड हवा उतारावरून सरकत खोलगट भागात साचते आणि वाफ्यावरचे तापमान शून्याखाली जाते. वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दव गोठते ते याच कारणाने. एकाच रोपावर पानाआडचे फूल शाबूत आणि पानांवर डोकावणारे फूल काळे, असे पाहणीत नेहमी आढळते. एका पानाचा आडोसाही पुरतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

म्हणून आपण तोच आडोसा करावा. वाफ्यावर बांबूच्या कामट्यांच्या कमानी रोवून, आकाश निरभ्र व वारा शांत असेल त्या संध्याकाळी, सूर्य मावळण्यापूर्वीच नॉनवोव्हन क्रॉप कव्हर (पिकावर टाकायचे न विणलेले पातळ कापड) किंवा जुनी सुती चादर पसरावी आणि कडा मातीने दाबाव्यात. उशिरा झाकल्यास जमिनीतील ऊब तोवर निघून गेलेली असते. प्लॅस्टिकचा कागद वापरायचा झाल्यास तो पानाफुलांना टेकू देऊ नये, कारण टेकलेल्या जागी फूल हमखास गोठते. माती कोरडी असल्यास दुपारीच पाणी द्यावे. ओली माती दिवसा अधिक ऊब साठवते आणि रात्री ती सोडते. सकाळी ऊन वाफ्यावर आल्यावर आच्छादन न विसरता काढावे, अन्यथा मधमाश्या फुलांपर्यंत पोहोचत नाहीत. गोठलेल्या पानांवर गरम पाणी शिंपडण्याचा उपाय काही जण करतात, तो कृपया करू नये.

काळी फुले देठासह खुडून वाफ्याबाहेर टाकावीत. मृत फुलांवर करडी बुरशी प्रथम वाढते आणि तेथून ती चांगल्या फळांवर जाते. रोप जिवंत आहे, नवे तुरे येतील. फूल उमलल्यापासून फळ लाल होण्यास साधारण महिना लागतो, कडाक्याच्या थंडीत त्याहून थोडे अधिक दिवस लागतात; तेव्हा घाईने युरिया टाकू नये, त्याने कोवळी पालवी फुटते आणि तीच आधी गोठते.

कुंड्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. कुंडीला चारही बाजूंनी गारठा लागतो, म्हणून रात्री कुंड्या पडवीत किंवा दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीलगत एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात. पाणी तळाच्या भोकांतून निघून जाते ना, हे पाहावे. मुळाशी साचलेले पाणी थंडीहून अधिक रोपे मारते. क्राऊन, म्हणजे पाने जेथून फुटतात तो गड्डा, मातीच्या पातळीवरच असावा. तो मातीत दबला असल्यास बोटाने हलकेच मोकळा करावा.

प्रश्न : पाचगणीला घराच्या गच्चीवर लावलेल्या रोपांना हिमकण लागलेले नाहीत, तरीही फळे वेडीवाकडी येतात.

उत्तर : येथे परागीभवन अपुरे होत असावे. फळावरील प्रत्येक पिवळा दाणा म्हणजे परागीभवन झालेला एक स्त्रीकेसर असतो, आणि जेथे दाणा भरत नाही तेथील गर फुगत नाही. गार सकाळी मधमाश्या फारशा फिरत नाहीत, म्हणून ऊन तापल्यावर, अकराच्या सुमारास, मऊ कुंचला प्रत्येक फुलाच्या मध्यावर गोलाकार फिरवावा. फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशक टाळावे.

प्रश्न : हीच रोपे पुढील वर्षी ठेवता येतील का?

उत्तर : महाबळेश्वरच्या पावसात उघड्या वाफ्यातील रोपांची मुळे बहुधा कुजतात. चार-सहा निरोगी कुंड्या छपराखाली जपून पाहाव्यात. बाकीची रोपे सप्टेंबरमध्ये नवीन आणावीत.