रिटेल म्हणजे नेमकं काय आणि दुकानांचे प्रकार कोणते?

तुम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारलंय. मी २२ वर्षं किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसतोय, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

रिटेल म्हणजे किरकोळ विक्री. घाऊकवाल्याकडून पोत्यानं माल उचलायचा आणि वापरणाऱ्याला किलो-पावकिलोनं विकायचा. दुकानाचा प्रकार पाटीवरून ठरवू नका. माल कोण काढून देतं, त्यात किती सुटतं आणि तो किती दिवसांत संपतो, हे बघा.

आमच्याकडे गिऱ्हाईक काउंटरबाहेर उभं राहतं, माल आम्ही काढून देतो. दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात, कारण रोजंदारीवरच्या घराला अख्खी बाटली एकदम परवडत नाही. साखरेत जवळपास काहीच सुटत नाही, पण ती नसेल तर गिऱ्हाईक बाकीची यादीही दुसरीकडे नेतं. आणि उधारीची वही! महिनाअखेरीला हात आखडतो तेव्हा घर त्या वहीवर चालतं. किराणा टिकून आहे तो या वहीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

सुपरमार्केटमध्ये माल आपणच काढून घ्यायचा. उधारी नाही. मुंबईत १९४८ साली सुरू झालेला अपना बाजार ग्राहकांच्या सहकारातून उभा राहिला. डीमार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईत निघालं. त्यांच्या बहुतेक जागा स्वतःच्या, म्हणून भाड्याचा बोजा कमी. पुरवठादाराला पैसे लवकर देतात, म्हणून माल स्वस्तात मिळतो. नगामागे थोडंच सुटलं तरी माल भराभर फिरतो.

कपड्यांचं गणित उलटं. १९९१ मध्ये अंधेरीत सुरू झालेलं शॉपर्स स्टॉप हे डिपार्टमेंटल स्टोअर, म्हणजे एकाच छताखाली वेगवेगळ्या मालाचे वेगवेगळे विभाग असलेलं मोठं दुकान. एका शर्टात भरपूर सुटतं, पण फॅशन गेली की तो पडून राहतो, म्हणून सेल लावावे लागतात. मॉल मात्र दुकान नव्हे. तो गाळे भाड्यानं देणारा घरमालक. प्रोजेक्टमध्ये ही चूक बरेच जण करतात.

याशिवाय एकाच ब्रँडची शोरूम, औषधांचं दुकान, आठवडी बाजार. रेशन दुकानात भाव सरकार ठरवतं आणि दुकानदाराला कमिशन मिळतं.

दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांचं डार्क स्टोअर हा सगळ्यांत नवा प्रकार. आत रॅक आहेत, माल आहे, बिलं होतात. फक्त गिऱ्हाईक आत येत नाही. त्यांची धडक थेट आमच्यावर आहे, कारण 'ऐनवेळी लागलं' म्हणून धावत येणारं गिऱ्हाईक आजवर आमचं होतं.